तेवीस पायऱ्या

विद्यापीठात जायचं की नाही हे ठरण्याच्या आधीच मला तिथल्या ग्रंथालयाच्या पायऱ्या पाठ होत्या. तेवीस. ज्यानं मोजून सांगितल्या त्याला मी पाहिलेलं नव्हतं, आणि त्यानं मला पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तो जन्मापासून अंध. दोन वर्षं पुढे शिकणारा. ओळखीतल्या कुणीतरी त्याचा नंबर दिला होता. मी घाबरत घाबरत एक लांबलचक मेसेज लिहिला आणि उत्तरादाखल पावणेतीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. नमस्कार नाही, अभिनंदन नाही. ‘ऐक, ग्रंथालयाला तेवीस पायऱ्या आहेत. बारा झाल्या की मध्ये सपाट टप्पा येतो. तिथे सगळे पडतात, कारण पाय तेरावी शोधत असतो आणि ती तिथे नसते. मी दोनदा पडलो. तू एकदाच पड.’

तो मेसेज मी त्या रात्री किती वेळा ऐकला असेल, कोण जाणे. रात्र म्हटलं की माझं जग तसंही बंद होतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात डोळ्यातल्या अंधारात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणानं होते. मग बाजूचं दिसणं आक्रसत जातं आणि शेवटी नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं उरतं. समोरचं अक्षर मी वाचू शकते, पण शेजारची खुर्ची मला दिसत नाही. शाळा संपताना माझी नळी अजून बऱ्यापैकी रुंद होती. पण ती अरुंद होत जाणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे नेमकी तीच चार वर्षं.

तोवर मला जे जे भेटले त्यांनी मला जिद्द दिली होती. ‘तू करशील गं!’ शिक्षक म्हणाले, काका म्हणाले, घरी आलेल्या पाहुण्यांनीही कौतुकानं पाठीवर थाप मारली. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण जिद्द हातात घेऊन रस्ता ओलांडता येत नाही. मला काय करायचंय हे मला माहीत होतं; कसं करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि ‘कसं’चं उत्तर नसलं की समोरचा माणूस आवाज चढवून ‘नक्की’ म्हणतो, असा माझा अनुभव आहे.

स्टेला यंग नावाची एक ऑस्ट्रेलियन विनोदकार आणि पत्रकार होती. व्हीलचेअर वापरायची. २०१४ साली सिडनीतल्या एका भाषणात तिनं आपल्या शिक्षकीच्या दिवसांतला प्रसंग सांगितला. मेलबर्नच्या एका शाळेत ती कायद्याचा विषय शिकवत होती. वीसेक मिनिटं झाल्यावर एका मुलानं हात वर करून विचारलं, ‘मिस, तुम्ही तुमचं भाषण कधी सुरू करणार?’ व्हीलचेअरवरची बाई वर्गात आली म्हणजे ती प्रेरणा द्यायलाच आली असणार, शिकवायला कशी येईल! त्याच भाषणात ती म्हणाली होती की पायऱ्यांकडे पाहून कितीही हसलात तरी त्यांचा रॅम्प होत नाही. हे मी ऐकलं तेव्हा मला आमच्या तेवीस पायऱ्या आठवल्या आणि दादाच्या मेसेजमध्ये मला नेमकं काय आवडलं होतं ते कळलं. तो पायऱ्यांकडे पाहून हसला नव्हता. त्यानं त्या मोजल्या होत्या.

दादा म्हणण्याचा त्याला राग यायचा. ‘मी तुझा दादाबिदा नाही, दोन वर्षं आधी अडकलेला माणूस आहे,’ असं म्हणायचा. मी म्हणत राहिले.

पहिल्या वर्षी त्यानं मला जे शिकवलं ते माहितीपत्रकात सापडण्यासारखं नव्हतं. पुस्तकांची यादी सत्र सुरू झाल्यावर मागायची नाही, दीड-दोन महिने आधी मागायची. कारण प्राध्यापक जी पीडीएफ पाठवतात ती बहुतेक वेळा पानांचे नुसते फोटो असतात. डोळ्यांना तिथे अक्षरं दिसतात, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला, मात्र चित्र दिसतं आणि तो गप्प बसतो. त्या चित्रातून अक्षरं काढायची, मग चुका सुधारायच्या, समीकरणं आणि तक्ते असतील तर ते कुणाला तरी हातानं लिहायला लावायचे. यात आठवडे जातात. वर्गात कुठे बसायचं, तर पहिल्या रांगेत नाही. दाराजवळच्या भिंतीला लागून, म्हणजे बाहेर पडताना भिंत हाताला असते. परीक्षेचा लेखनिक आपल्या विषयातला नसावा असा नियम असेल, तर निदान विषयातले शब्द ऐकून लिहिता येणारा असावा, आणि त्याच्याबरोबर एकदा सराव केल्याशिवाय परीक्षेला बसायचं नाही. जादा वेळ मिळतो, पण त्या जादा वेळेत आपण जादा दमतोही. म्हणून एका दिवशी दोन पेपर आले तर आधीच अर्ज करायचा.

आणि काठी. मला त्या विषयाचं नावही नको होतं. मी दिवसा चालू शकत होते, मोबाईल वाचू शकत होते. पांढरी काठी हातात घेऊन मोबाईल वाचणाऱ्या मुलीकडे लोक कसे बघतात हे मी एकदा अनुभवलं होतं. ‘नाटक करते’ हे शब्द मागून ऐकू आले होते. दादा यावर काही बोलला नाही. ‘घडीची घे, पिशवीत ठेव. संध्याकाळी साडेसहाला काढ. तू कोण आहेस ते काठीला ठरवू देऊ नकोस, घड्याळाला ठरवू दे,’ एवढंच म्हणाला. पुढे साडेसहाचे सहा झाले, मग पाच, आणि मग काठी पिशवीत जायची बंद झाली. पण ते एकेका तासानं झालं, म्हणून सोसलं.

एक गोष्ट मात्र जवळून सांगायला हवी. पहिल्या सत्रात एका प्राध्यापकांना मला पत्र लिहायचं होतं. ते फळ्यावर लिहीत आणि ‘हे इथून तिथे गेलं’ असं म्हणत पुढे सरकत. काय कुठून कुठे गेलं ते मला कळायचं नाही. मी चौदा ओळींचा ईमेल लिहिला. त्यात ‘आपल्याला त्रास देत आहे’, ‘कृपया शक्य झाल्यास’, ‘आपला बहुमूल्य वेळ’ असं सगळं होतं; माझ्या आजाराचा इतिहासही होता. पाठवण्याआधी दादाला पाठवला. त्याच्या स्क्रीन रीडरनं तो त्याला यंत्राच्या सपाट आवाजात, अतिवेगानं वाचून दाखवला असणार. त्यानं फोन केला.

‘तू माफी कशाची मागतेयस?’

‘मागत नाहीये.’

‘तीनदा मागितलीयस. मोजलं मी.’

मग आम्ही फोनवर तो ईमेल पुन्हा लिहिला. चार ओळी उरल्या. मला फळा दिसत नाही. तुम्ही लिहिताना तेच तोंडानं म्हणालात तर मला समजेल. तासाच्या आदल्या दिवशी टिपणं मिळाली तर आणखी बरं. पुढच्या सोमवारपासून हे जमेल का, कृपया कळवा. ‘कृपया’ एक ठेव, तो म्हणाला, एकानं माणूस सभ्य दिसतो, तीनांनी अपराधी. आजाराचं नाव काढून टाकलं. त्यांना रोग कळायची गरज नव्हती, काय करायचं ते कळायची होती. आणि तारीख घातली. तारखेशिवायची विनंती म्हणजे वाऱ्यावरची वरात, हे त्याचं म्हणणं.

प्राध्यापकांचं एका ओळीचं उत्तर आलं: हो, आधी का नाही सांगितलंत?

(अपंग म्हणायचं, दिव्यांग म्हणायचं की आणखी काही, यावर लोक मला आवर्जून मत विचारतात. माझं मत असं की नाव काहीही ठेवा, पण पीडीएफ नीट पाठवा.)

दुसऱ्या वर्षी मला वाटू लागलं की हे सगळं दादानं शोधून काढलंय. त्याला तसं म्हटलं तर तो हसला. त्यालाही कुणीतरी पायऱ्या सांगितल्या होत्या. मग मी जरा मागे मागे वाचत गेले आणि ही साखळी किती लांब आहे ते दिसलं. न्यूएल पेरी नावाचे एक अंध गृहस्थ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथून १८९६ साली पदवीधर झाले. पुढे जर्मनीत जाऊन गणितात डॉक्टरेट घेतली. विद्यापीठात नोकरी कुणी देईना. १९१२ पासून ते बर्कलीतल्या अंधशाळेत शिकवू लागले आणि तिथली मुलं एकामागून एक विद्यापीठात पाठवायचा त्यांनी सपाटा लावला. त्यांच्याच हाताखालच्या जेकबस टेनब्रुकनं १९४० साली अमेरिकेतल्या अंधांची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि पुढे तो त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाला. ज्या दारातून आपल्याला नोकरीसाठी आत घेतलं नाही, त्या दारातून आपला विद्यार्थी आत गेलेला बघणं कसं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

त्याच बर्कलीत १९६२ साली एड रॉबर्ट्स आला. चौदाव्या वर्षी पोलिओ झालेला, मानेखाली जवळजवळ काहीच हलत नसे. रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुस म्हणतात त्या अजस्र यंत्रात झोपायचा. वसतिगृहाच्या जमिनीला ते वजन पेलणार नव्हतं, म्हणून त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या एका रिकाम्या मजल्यावर जागा दिली. म्हणजे विद्यार्थी राहायला रुग्णालयात, आजारी नसताना. पण पुढच्याच वर्षी जॉन हेस्लर नावाचा दुसरा व्हीलचेअरवरचा मुलगा तिथे आला. मग आणखी. त्या दशकाच्या अखेरीला त्या मजल्यावर डझनभर झाले. त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ (क्वाड म्हणजे हातपाय चारही लुळे असलेला) असं चेष्टेचं नाव घेतलं आणि रात्री जागून आपल्याला काय काय लागतं याच्या चर्चा केल्या. १९७० साली त्यांनी विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी स्वतःच चालवलेलं एक केंद्र सुरू केलं. त्यातल्या कामांमध्ये मला सगळ्यात आवडतं ते व्हीलचेअर दुरुस्तीचं. रात्री अकराला चाक निखळलं तर काय, हा प्रश्न ज्याचं चाक कधीच निखळलेलं नाही त्याला सुचणार नाही. दोन वर्षांनी हेच काम विद्यापीठाच्या बाहेर, गावातल्या अपंगांसाठी सुरू झालं. आणि ज्या सरकारी खात्यानं ‘हा नोकरी करण्याच्या लायकीचा होणार नाही’ म्हणून रॉबर्ट्सचा खर्च नाकारू पाहिला होता, त्याच खात्याचा तो पुढे प्रमुख झाला. हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले.

वॉशिंग्टन विद्यापीठात १९९२ पासून डू-इट नावाचा उपक्रम चालतो. शाळेतल्या अपंग मुलांना संगणक आणि इंटरनेट हाताळायला शिकवायचं, विद्यापीठात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या अपंग माणसांशी ईमेलवरून गाठ घालून द्यायची, आणि ती मुलं मोठी झाली की त्यांनीच पुढच्यांना धरायचं. ईमेल तेव्हा नवलाई होती. पण ऐकू न येणाऱ्या मुलाला ज्याच्याशी बोलायचंय त्याला फोन करावा लागत नाही, बोलताना अडखळणाऱ्याला पूर्ण वेळ मिळतो, ही सोय त्यांनी लगेच हेरली.

इथवर सगळं गोड आहे. आता माझं सांगते.

तिसऱ्या वर्षी मला एका शिबिरात बोलावलं. प्रवेश घेऊ इच्छिणारी मुलं, त्यांचे पालक, मंच, फुलं, माईक. मी छान बोलले. ‘इथे सगळं मिळतं, फक्त मागायला लाजू नका,’ असं म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. त्यानंतर एक मुलगा भेटायला आला. त्याचाही आजार माझाच. नंबर घेतला, बोलणं होत राहिलं. त्यानं विचारलं की मी सांगत गेले: टिपणं मिळतात, लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त मी हे सांगितलं नाही की टिपणांसाठी दर सत्रात नव्यानं तोच अर्ज, तेच प्रमाणपत्र, तोच ‘पण तुम्हाला तर दिसतंय की’ हा प्रश्न. पहिल्या सत्रात दोन विषयांची टिपणं मला परीक्षा झाल्यावर मिळाली होती. एकदा मी ग्रंथालयाच्या टप्प्यावर पडून तिथेच बसून राहिले होते, लागलं म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून. यातलं मी काहीही त्याला सांगितलं नाही. त्याला घाबरवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मंचावरची ती मुलगी मला आवडायला लागली होती.

त्यानं आमच्याकडे प्रवेश घेतला आणि चार महिन्यांनी शिक्षण सोडून तो परत गेला. जाताना त्यानं लिहिलं, ‘सगळ्यांना जमतं ते मलाच जमत नाही असं वाटलं. तुम्ही कधी अडकलाच नाहीत ना.’

दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पडायची जागा सांगायची असते गं.’ पुढे त्या मुलानं दूरस्थ शिक्षणानं पदवी घेतल्याचं कळलं. त्यामुळे माझं ओझं हलकं झालं असं मी म्हणणार नाही. त्यानं ती माझ्याशिवाय घेतली.

दुसरी चूक निदान विनोदी होती. एका मुलीला आमच्याकडे यायचं होतं. ती व्हीलचेअर वापरायची, हे तिनं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं आणि मी वाचलं होतं. तरी मी तिला ग्रंथालयाबद्दल लिहिलं: तेवीस पायऱ्या, कठडा चांगला आहे, काळजी करू नकोस. तिचं उत्तर आलं: ‘ताई, कठड्याचं मी काय करू?’

मी फोन उलटा ठेवला आणि चेहरा उशीत खुपसला. आपण अपंग आहोत म्हणजे आपल्याला अपंगत्व कळतं, हा माझा गैरसमज त्या दिवशी संपला. मला माझं अपंगत्व कळत होतं, तेही निम्मंच. तिचे प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते. लिफ्टची किल्ली कुणाकडे असते? तो जेवायला गेला की कुठे जातो? वसतिगृहाचं दार आत उघडतं की बाहेर? आणि स्वच्छतागृह?

मोजपट्टी घेऊन मी निघाले. बरोबर ऐकायला कमी येणारा एक वर्गमित्र होता. तो आकडे वाचायचा, मी लोकांचं बोलणं ऐकून त्याला सांगायचे. अशी आमची पाहणी समिती. व्हीलचेअरचं चित्र लावलेलं एक स्वच्छतागृह सापडलं. दार ९० सेंटिमीटर, उत्तम. आत झाडू, बादल्या आणि एक मोडकं टेबल. दुसऱ्या इमारतीत खुर्ची आत जाईल एवढी जागा होती, पण ती आत गेली की दार मिटणार नाही. खुर्ची पूर्ण वळवायची तर साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते, आणि तिथे ती नव्हती. हे सगळं तिला जसंच्या तसं कळवलं. वाटलं, आता ही येत नाही. ती म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंत. म्हणजे यायच्या आधीच कुणाशी भांडायचं ते कळलं.’ तिनं पत्र लिहिलं. चार ओळी, एक कृपया, एक तारीख. टेबल निघालं. झाडू मात्र सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथेच होते.

हे काम कुणाचं आहे, हा प्रश्न मला तेव्हापासून टोचतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या करारात, चोविसाव्या कलमात, उच्च शिक्षणात भेदभाव होता कामा नये आणि प्रत्येकाला वाजवी त्या सोयी मिळाव्यात असं स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे दार मोजायचं काम दाराच्या मालकाचं. आम्ही ते फुकट करतो, परीक्षेच्या दिवसांत करतो, आणि वर आमचा फोटो माहितीपत्रकावर येतो. काही विद्यापीठं या कामाचा मोबदला देतात. तसं सगळीकडे व्हायला हवं. पण मोबदला मिळो न मिळो, शाळेच्या शेवटच्या वर्षातली एखादी मुलगी रात्री सव्वाअकराला ‘तिथे पाळीच्या दिवसांत कसं करता?’ असं विचारते, ते एखाद्या कार्यालयाला विचारणार नसते. तिला उत्तर द्यावं लागतं. आणि अर्जातल्या ‘अपंगत्व आहे का’ या रकान्यात खूण करायची की नाही, असं कुणी विचारलं, विशेषतः ज्याचं अपंगत्व बाहेरून दिसत नाही असं कुणी, डिस्लेक्सिया असलेला, नैराश्यातून सावरणारा, तर मी ‘कर’ म्हणत नाही आणि ‘नको करू’ही म्हणत नाही. केल्यावर मला काय मिळालं आणि कोण काय म्हणालं, तेवढं सांगते. पुढचं त्यांनी ठरवायचं.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात. दरवर्षी पदवीदानाच्या दिवशी लिफ्टच्या किल्लीचा पत्ता, समजूतदार प्राध्यापकांची नावं, पडायच्या जागा हे सगळं झगा घालून फाटकाबाहेर पडतं आणि पुढच्या बॅचला पुन्हा पहिल्यापासून पडावं लागतं. म्हणून जाण्यापूर्वी दादाचे व्हॉइस मेसेज मी ऐकून ऐकून टंकले आणि एक सामाईक दस्तऐवज केला. स्क्रीन रीडरला वाचता येईल असे मथळे घातले, तक्ते टाळले. मोजपट्टीवाले आकडे त्या मुलीनं भरले. मग कुणीतरी सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांबद्दल लिहिलं, कुणी पंख्याच्या आवाजात श्रवणयंत्र चालत नाही अशा वर्गांची यादी दिली. एकानं नुसतं एवढंच लिहिलंय: ‘तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात एक बाक आहे. तिथे कुणी येत नाही. घाबरायला झालं की तिथे बसा.’ तो कोण, आम्हाला माहीत नाही.

मी आता तिथे नाही. माझी नळी खूपच अरुंद झाली आहे आणि तो दस्तऐवज मीही हल्ली कानानंच वाचते. गेल्या महिन्यात त्यात बदल झाल्याची सूचना आली. पहिल्या वर्षाची एक अंध मुलगी. तिनं ग्रंथालयाच्या ओळीत लिहिलं होतं: ‘२३ नाहीत, २२ आहेत.’

मी जरा तोऱ्यातच तिला विचारलं, नीट मोजल्यास का? तिनं तीनदा मोजल्या होत्या. पुढच्या अंगणात नवी फरशी घातली, तिच्याखाली सगळ्यात खालची पायरी गेली.

मी ते दादाला कळवलं. तो आता दूर कुठेतरी शिकवतो. त्याचा मेसेज आला, नमस्कार नाही, काही नाही. ‘तिला विचार, टप्प्यावर अजून लोक पडतात का?’

विचारलं.

‘हो,’ तिनं लिहिलं, ‘पण आता अकराव्या पायरीनंतर.’